उजवीकडे ओढणारं विमान

सासऱ्यांनी विमान उडवणं सोडलं त्याला चौदा वर्षं झाली होती आणि सासूबाई गेल्या त्याला दोन. सून सकाळी कामाला निघे तेव्हा ते खिडकीशी बसलेले असत, संध्याकाळी परते तेव्हाही तिथेच. विचारलं तर उत्तर देत, पण तेवढ्यापुरतंच. मुलगा म्हणायचा, बाबा पहिल्यापासूनच मोजून बोलणारे. सुनेला ते पटत नसे. मोजून बोलणारा माणूस वेगळा आणि आत काहीतरी धरून बसलेला वेगळा.

ती इंजिनियर होती. वैमानिकांना शिकवण्यासाठी सिम्युलेटर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत काम करायची. विमानांच्या एका संग्रहालयाला जुन्या काळचं, दोन इंजिनांचं टपालाचं विमान हवं होतं. खरं नव्हे, लोकांना बसून चालवून बघता येईल असं. त्या जातीचं एकही विमान आता उडत नव्हतं. कारखाना केव्हाच बंद पडलेला, कागद अर्धेमुर्धे. साहेबांनी आठवडाभर ठिकठिकाणी फोन करून ते विमान उडवलेला कोणी सापडतो का ते पाहिलं. सून हे ऐकून हसली. काखेत कळसा नि गावाला वळसा. सव्वीस वर्षं तेच विमान उडवलेला माणूस तिच्या घरात खिडकीशी बसून होता.

सासरे आधी नको म्हणाले. मग म्हणाले, एकदा बघून येतो.

ऑफिसच्या मागच्या खोलीत प्लायवूडची कॉकपिट होती आणि समोर तीन पडदे. सुनेने त्यांना समजावलं, की इथे दोन सॉफ्टवेअर एकमेकांना जोडली आहेत. एक आकाश, धावपट्टी, घड्याळं दाखवतं. दुसरं नुसतं गणित करतं: पंखांवर किती जोर, शेपटीवर किती, वजन कुठे. तुम्ही दांडा हलवला की पहिलं दुसऱ्याला कळवतं, दुसरं हिशोब करून विमान आता कुठे आहे ते परत सांगतं. सेकंदाला पन्नास वेळा.

"म्हणजे डोळे एकाचे आणि डोकं दुसऱ्याचं," सासरे म्हणाले. "एखाद्या कचेरीसारखं."

त्या दिवशी विमान धावपट्टीवरून सुटलं आणि सरळ जमिनीत शिरलं. एका सॉफ्टवेअरच्या मते वर म्हणजे अधिक, दुसऱ्याच्या मते खाली म्हणजे अधिक. दोघंही शहाणे, फक्त एकमेकांना कोणी विचारलं नव्हतं. सून वरमली. सासरे मात्र हसले, दोन वर्षांत पहिल्यांदा आवाज करून, आणि उद्या किती वाजता यायचं ते विचारलं.

मग ते रोज येऊ लागले. कागदांत नव्हतं ते त्यांच्या हातांत होतं. नाक फार लवकर उचलतंय, ते म्हणत. सून एक आकडा कमी करी. हे वळणात घसरत नाही, आमचं घसरायचं. ती आणखी एक आकडा बदले. त्यांना ते शब्दांत धड सांगता येत नसे. तळहात हवेत तिरका धरून ते दाखवत आणि ती त्या तळहाताकडे बघून समीकरणं दुरुस्त करी. तीन आठवड्यांनी विमान जवळजवळ बरोबर उडायला लागलं.

जवळजवळ. सासरे म्हणत, ते उजवीकडे ओढत नाही.

कुठल्याच कागदात तसं काही नव्हतं. सुनेने दोन्ही इंजिनांचं गणित तपासलं, वजनं तपासली. चूक सापडेना. शेवटी तिने विचारलं, की सगळीच विमानं ओढायची का?

"नाही," सासरे म्हणाले. "आमचंच ओढायचं."

"पहिल्यापासून?"

त्यांनी दांड्यावरचा हात काढून घेतला. मग त्यांनी सांगितलं.

मुलगा व्हायचा होता. तेव्हा ते दूरच्या एका वस्तीवर राहत, टपालाचं विमान तिथेच मुक्कामाला असे. दिवस भरायच्या आधीच सासूबाईंना कळा सुरू झाल्या आणि त्याच सकाळी पुराच्या पाण्याने पूल बंद झाला. दवाखाना शहरात. त्यांनी टपालाची पोती काढून तिथे गादी अंथरली आणि बायकोला घेऊन निघाले. शहराच्या धावपट्टीवर आडवा वारा होता, झोक्याझोक्याने येणारा. विमान उजव्या चाकावर आदळलं. चाकाचा पाय वाकला, पंखाच्या मुळाशी बारीकसा पीळ बसला. मुलगा दीड तासाने सुखरूप जन्मला. मेकॅनिकने पाय सरळ केला, पण पीळ काही पुरता गेला नाही. तेव्हापासून ते उजवीकडे ओढायचं.

"आणि तिची कंबर," ते म्हणाले. "तीही तेव्हापासूनची."

सुनेला सासूबाईंची कंबर माहीत होती. खुर्चीतून उठताना आधी टेबलावर हात टेकायचा, मग क्षणभर थांबायचं. घरात सगळे त्याला बाळंतपणाची कंबर म्हणत. मुलगाही तेच म्हणे.

"ती एका शब्दाने बोलली नाही कधी. मीच दर वेळी तिला उठताना बघायचो. जरा वेग ठेवला असता तर? पुन्हा वर घेऊन दुसरी फेरी मारली असती तर? अडतीस वर्षं मी ते विमान उतरवतोय."

तुमची चूक नव्हती, असं म्हणणं सुनेला सोपं होतं, पण ते तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसलेलं सांगितलेलं या माणसाला चाललं नसतं.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांची जुनी उड्डाणवही मागून घेतली. त्या दिवसाच्या ओळीत वाऱ्याची दिशा होती, झोक्यांचा वेग होता, इंधन किती होतं तेही होतं. हे सगळं तिने गणिताच्या सॉफ्टवेअरला दिलं. तीन आठवड्यांत सासऱ्यांनी सिम्युलेटरवर केलेली दीडशेवर लँडिंग त्यात नोंदलेली होती. त्यांचा हात कधी दांडा ओढतो, किती ओढतो, हे त्यावरून काढता येत होतं. त्या हाताने तेच विमान, त्याच वजनाचं, एक हजार वेळा उतरवायला तिने सांगितलं, दर वेळी वाऱ्याचे झोके थोडे वेगळे. जेवणाच्या सुट्टीत हिशोब चालू राहिला.

दुपारी तिने सासऱ्यांना शेजारी बसवलं.

"दुसरी फेरी मारायला इंधन पुरत नव्हतं, बाबा. तेवढं वहीतच दिसतं. आणि वेग वाढवूनही बघितला, तर धावपट्टी संपत होती. हजारांतल्या नऊशे एकोणनव्वद वेळा विमान तुमच्या इतकंच आदळलं, नाहीतर जास्त."

त्यांनी मान हलवली. वैमानिकाला उरलेलेच आकडे दिसतात.

"म्हणजे अकरा वेळा जमलं."

"अकरा वेळा शेवटच्या दोन सेकंदांत वारा आपला आपण पडला. ते अकराही मी एकेक करून बघितले. हाताने वेगळं काहीच केलं नव्हतं."

त्यांनी ते अकरा दाखवायला सांगितले. तिने पडद्यावर दाखवले, दर लँडिंगची एक रेघ आणि शेजारी तिचे आकडे. अकराही. ते प्रत्येक रेघ बोटाने शेवटपर्यंत नेत होते. नववी झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला. उरलेल्या दोन रेघांचे आकडे तिने वाचून दाखवले.

मग ते म्हणाले, "तू हे त्याला सांगू नकोस. मी सांगतो."

शनिवारी त्यांनी मुलाला ऑफिसात बोलावलं. घरी का नाही, हे त्याला कळलं नाही, पण तो आला. कॉकपिटच्या बाहेर दोन खुर्च्यांवर बापलेक बसले आणि सासऱ्यांनी सगळं सांगितलं, पोत्यांपासून कंबरेपर्यंत. हजार लँडिंगचं मात्र काढलं नाही. सुनेला वाटलं आपण सांगावं, पण तिने स्वतःला आवरलं.

मुलगा खाली बघत ऐकत होता. मग त्याने मान वर केली.

"मी आईला विचारलं होतं एकदा. शाळेत होतो. म्हटलं, तू डॉक्टरकडे का जात नाहीस? ती म्हणाली, तुझ्या बाबांनी मला अशा वाऱ्यातून आणलं की दुसरा कोणी निघालाच नसता. एवढी कंबर चालायची."

सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "असं म्हणाली?"

"मला वाटलं, ती तुमच्याबद्दल नुसती बढाई मारतेय."

"मला कधी बोलली नाही."

"तुम्ही कधी विचारलं होतं का?"

सासऱ्यांचा हात मुलाच्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला.

संग्रहालयाला सुनेने सरळ उडणारं विमान दिलं, कारखान्यातून निघालं असेल तसं. ऑफिसच्या मशीनवर मात्र दुसरी प्रत ठेवली, पंखाला पीळ असलेली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, चाचणीसाठी लागते.

त्याच शनिवारी, बोलणं झाल्यावर, सासऱ्यांनी मुलाला डाव्या, वैमानिकाच्या खुर्चीत बसवलं. तो आयुष्यात कधी विमानाच्या दांड्याला शिवला नव्हता. पाच वेळा त्याने विमान पाडलं आणि पाचही वेळा सासरे शांतपणे म्हणाले, पुन्हा. सहाव्या वेळी त्यांनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला. सून चहा आणायला म्हणून बाहेर गेली आणि मुद्दाम अर्ध्या तासाने परतली.