थोरल्याच्या नावाचे मेल

थोरला गेल्यापासून आई रोज दुपारी त्याच्या खोलीतला जुना संगणक चालू करायची. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की तेवढ्यात तिचं टेबल पुसून व्हायचं. मग पडद्याच्या कोपऱ्यात लाल चौकट यायची: तुमचा संगणक धोक्यात आहे. आई फुली दाबायची आणि मेल उघडायची.

लेकाला अजून मेल यायचे, बहुतेक जाहिराती. बुटांच्या दुकानाचा एक नेमाने यायचा, 'बऱ्याच दिवसांत आला नाहीत.' आई अक्षरन् अक्षर वाचायची.

एके दिवशी ती चौकट अख्खा पडदा व्यापून बसली. फुली सापडेना. धाकटीने दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

"काकू, याचं वय झालंय," तो म्हणाला. "व्हायरस अडवणाऱ्या प्रोग्रामची मुदत कधीच संपली, आणि नवा याच्यावर चालत नाही. राखणदार गेलाय आणि दार सताड उघडं."

"मग करायचं काय?"

"इंटरनेटची वायर काढून टाका. फोटो मी वेगळे काढून देतो."

"आणि मेल?"

"जुने दिसतील. नवे यायचे नाहीत. पासवर्ड असेल तर मोबाईलवर घेता येतील."

पासवर्ड कुणालाच ठाऊक नव्हता.

"मग राहू दे आहे तसंच," आई म्हणाली.

"आई, उद्या फोटोसुद्धा गेले म्हणजे?" धाकटीचा आवाज चढला.

वडील चहाचा कप घेऊन दारात उभे होते. जन्मभर बस चालवलेला माणूस, पण थोरला गेल्यापासून हा उंबरा त्यांना ओलांडवला नव्हता. आज ते आत आले आणि स्टूल ओढून आईशेजारी बसले.

"काय येतं त्याला? दाखव बरं."

दुरुस्तीवाल्याने चौकट बाजूला केली. वडिलांनी चष्मा लावून एकेक मेल वाचला. बुटांपाशी थांबले.

"मी त्याला म्हणायचो, पाय आहेत की होड्या."

आई हसली, आणि हसता हसताच तिला रडू फुटलं.

"अगं, यातून तो काही परत यायचा नाही," वडील हळूच म्हणाले.

"मला कळत नाही का ते? पण त्या लोकांना कुठे माहीत आहे? त्यांच्या लेखी तो अजून आहेच ना."

धाकटी पाणी आणायच्या निमित्ताने बाहेर गेली.

शेवटी आईच वाकली. वायर निघेना. वडिलांनी खालचा खटका दाबून धरला, तेव्हा तिने ओढून काढली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून झाल्यावर आई ओट्याशीच रेंगाळली.

"येतेस? फोटो बघू," वडिलांनी विचारलं.

"आज नको. तुम्ही बघा."

ते थोडा वेळ तिच्याजवळ थांबले, आणि मग एकटेच त्या खोलीत गेले.