सातवा प्रश्न

दर रविवारी दिवेलागणीनंतर प्रज्ञेश वाडीच्या ग्रुपवर दहा प्रश्न टाकायचा. तो नोकरीसाठी नालासोपाऱ्याला राहत होता. चिपळूणजवळच्या आपल्या वाडीतल्या पोरांनी वाचावं, परीक्षांना बसावं, म्हणून त्याने ही सामान्य ज्ञानाची प्रश्नमंजुषा सुरू केली. नाद लागला तो मात्र मोठ्यांनाच.

स्नेहल आणि तिची सासू कमलाबाई यांचा एकही रविवार चुकत नसे. एरवी स्नेहल दिवसभर चिपळुणात एका दवाखान्यात केसपेपर लिहायची. घरी आली की दोघींचं बोलणं आमटी, गॅस आणि पाण्याच्या मोटारीपुरतं. स्नेहलचा नवरा सुगत बाजारपेठेतल्या एका दुकानात नोकरीला होता; तो २०२१च्या पुरात गेला, तेव्हापासून असंच चाललं होतं. रविवारी मात्र स्नेहल मोबाइलवरचे प्रश्न मोठ्याने वाचायची आणि चौथी शिकलेल्या कमलाबाई तांदूळ निवडता निवडता उत्तरं द्यायच्या. बहुतेक चुकायची. कुठलाही देश विचारला की त्या ठामपणे नेपाळ म्हणत.

"आई, नेपाळला समुद्र कुठून येणार?" स्नेहल म्हणायची, आणि दोघी हसायच्या. तेवढंच हसणं त्या घरात उरलं होतं.

त्या रविवारी सहा प्रश्न झाले. सातवा स्नेहलने मनात वाचला आणि ती थांबली. २२ जुलै २०२१ रोजी कोणत्या नदीच्या पुरात चिपळूण शहर बुडाले? खाली चार नद्यांची नावं. ग्रुपवर उत्तरं धडाधड येत होती. कुणी 'सोप्पा' असं लिहिलं होतं, कुणी नुसते अंगठे टाकले होते.

"आठवा प्रश्न," स्नेहल म्हणाली.

"सातवा ऱ्हायला गो."

"तो कठीण आहे. सोडून देऊ."

तेवढ्यात शेजारच्या गोदाने आपल्या पडवीतून हाक दिली, "कमलाकाकी, सातवा सोपा हाय. वाशिष्ठी लिवा."

कमलाबाईंचा हात सुपातच राहिला. त्या म्हणाल्या, "वाच."

स्नेहलने प्रश्न वाचला. चारही नद्या वाचल्या.

"लिव वाशिष्ठी," कमलाबाई म्हणाल्या. "आणि काय लिवनार?"

स्नेहलने उत्तर पाठवलं. तिचं नाव पाहूनच प्रज्ञेशच्या लक्षात आलं असावं. प्रश्न लगेच पुसला गेला आणि त्याचा फोन आला.

"वहिनी, चुकलो. आपल्या भागातला एक प्रश्न असावा, एवढंच डोक्यात होतं."

"असू दे."

"काकीला फोन द्या ना."

कमलाबाईंनी फोन घेतला नाही. त्या सूप उचलून आत गेल्या.

पुढच्या रविवारी प्रश्न आले नाहीत. काही कारणाने प्रश्नमंजुषा थांबवत आहे, असं प्रज्ञेशने कळवलं. कारण सगळ्या वाडीला ठाऊक होतं. लोक दोघींशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलू लागले. गोदा पडवीतून हाक मारेनाशी झाली. स्नेहलने प्रज्ञेशला फोन केला.

"आमच्यासाठी बंद नका करू."

"नाही वहिनी, आता माझंच मन होत नाही."

तो भला माणूस होता, पण स्नेहलला त्याचा राग आला. तिसऱ्या रविवारी ती एसटी स्टँडवरून सामान्य ज्ञानाचं एक पुस्तक घेऊन आली आणि सासूसमोर बसली.

"आई, जगातलं सर्वात खोल सरोवर कुठल्या देशात आहे?"

कमलाबाई तांदळातले खडे वेचत राहिल्या.

"नेपाळ म्हणा ना."

"मी पन एक इचारू?" कमलाबाई म्हणाल्या.

"विचारा."

"त्या रात्री दुकानाच्या मालकाचा फोन आला. पानी चढतंय, दुकानातला सामान वर घ्यायला ये म्हनून. सुगतन तुला इचारलान, जाव का? तू काय बोललीस?"

स्नेहलने आजवर सगळ्यांना एकच सांगितलं होतं, मी अडवलं, पण ते थांबले नाहीत. आता तिला ते म्हणता येईना.

"जा म्हटलं. नाही गेलात तर नोकरी जाईल, म्हटलं."

"मी आतल्या खोलीत जागीच व्हते. ऐकला सगळा."

"मग इतकी वर्षं विचारलं का नाहीत?"

"तू खरा सांगितला असतास, तर तुझ्या हातचा कसा जेवले असते मी?"

"जाग्या होतात, तर तुम्ही का नाही अडवलंत?"

कमलाबाईंनी सूप बाजूला सारलं.

"मला पन वाटला," त्या म्हणाल्या, "नोकरी टिकूदे."

भात गॅसवरून उतरवला गेला, पण वाढला कुणीच नाही.

सकाळी कमलाबाईंनी पिशवी भरली. अंजनवेलला लेकीकडे, मालनकडे, चार दिवस जाऊन येते म्हणाल्या. स्नेहलने त्यांना गुहागरच्या गाडीत बसवून दिलं. गाडी सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "तांदळाला ऊन दाखव. कीड पडेल."

दीड महिना झाला. स्नेहल फोन करते तेव्हा मालन उचलते. आई बरी आहे, जेवते नीट, आत्ता मागच्या दारी आहे, आली की सांगते, म्हणते. कमलाबाईंचा फोन येत नाही. स्नेहलने दवाखान्यात रविवारचीही पाळी मागून घेतली आहे.