आत्याबाई गप्प झाल्या ती दुपार

मी एक जुनी काचेची पेटी आहे. दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना मिशनच्या दवाखान्यात मी ऊब देत असे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, ऊब देणारीचा स्वभाव शांत असेल. मुळीच नाही. ज्यांनी मला घडवलं त्यांनी माझ्या पोटात तापणाऱ्या तारा घातल्या, डोक्यावर लाल दिवा बसवला आणि एकच गोष्ट शिकवली, घाबरायची. जरा गारवा आला की घाबर. जरा ऊन झालं की घाबर आणि ओरड. थोरल्या सिस्टर मला आत्याबाई म्हणत. "आमच्या आत्याबाई आधी ओरडतात, मग बघतात काय झालंय ते."

कौतुकही पुष्कळ झालं. बाळ घेऊन घरी निघालेल्या आया माझ्या काचेवरून हात फिरवत. हळूहळू मला वाटू लागलं, ही बाळं मीच जगवते. मी विझले की सगळं संपलं. या धास्तीने मला कधी चैन पडलं नाही.

आणि वीज गेल्यावर मला चालू ठेवणारी माझी बॅटरी तर कधीचीच गेली होती. सिस्टरांनी व्यवस्थापकांना सांगून सांगून तोंड दुखवून घेतलं. ते छताकडे बघत. "देव सांभाळतोय ना, सिस्टर."

"तो सांभाळतोय. तुम्ही काय करताय?"

स्पष्टच सांगते. आळसाला श्रद्धेचं पांघरूण घालणारी माणसं मी खूप पाहिली. पांघरूण कितीही स्वच्छ असलं तरी खाली आळसच झोपलेला असतो.

मग मुठली आली. बापाच्या मुठीत मावेल एवढी, म्हणून मुठली. बाप वायरमन, आई कपडे शिवणारी. एका दुपारी वादळ सुटलं. खिडक्या खडखडल्या, बाहेरचं झाड मोडून तारांवर पडलं आणि वीज गेली. माझ्या तारा निवू लागल्या. मला ओरडायचं होतं, पण ओरडायलाही वीज लागते.

बापाने धावत येऊन माझी मागची बाजू उघडली. "बॅटरी फुगलीय ही. मेलेली आहे." त्याने पेचकस आपटला. "गावभर दिवे लावत फिरतो मी, आणि माझ्याच पोरीला..."

सिस्टरांनी मुठलीला बाहेर काढलं, आईच्या छातीवर अंगाला अंग लावून ठेवलं आणि दोघींवर ब्लँकेट घातलं. "हलू नकोस, पोरी. आता तूच पेटी."

बाप खिडकीशी उभा होता. तो बायकोवर उखडला. "सगळं त्याच्याच हातात आहे म्हणतेस ना? मग हे वादळ आजच कशाला?"

"मला काय माहीत? तुम्हीच विचारा त्याला. भांडा हवं तर. पण आधी इकडे या आणि तिचे पाय धरा, गार पडलेत."

तो आला. पाय धरून खाली बसला. आई पुटपुटली, "प्रभू, वारा तुझा. पाऊस तुझा. ही माझ्या छातीवर आहे, पण तुझीच. घेऊ नकोस, एवढं मागते. पण तुझीच." बाईचा आवाज कापत होता. विश्वास ठेवणाऱ्यांना भीती वाटत नाही, असं मला वाटायचं. ती घाबरलेली होती, माझ्याइतकीच. फक्त कुणाकडे बघायचं ते तिला ठाऊक होतं.

वारा थांबला नाही. झाड उठून उभं राहिलं नाही. बऱ्याच वेळाने बाप म्हणाला, "कोमट लागतायत गं पाय."

वीज आली तशी मी जोरात ओरडले. मुठली दचकून रडली, आणि सिस्टर हसत डोळे पुसू लागल्या. "आल्या आत्याबाई. सगळं उरकल्यावर."

खरंच होतं ते. तेवढा वेळ वारा वाहत होता, पाखरं फांद्यांना धरून बसली होती, ब्लँकेटखाली दोन छात्या वरखाली होत होत्या. सगळं चालू होतं, मी सोडून.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. माझ्या जागी नवी पेटी आली आहे. मित्रांनो, तिची बॅटरी वेळेवर बदला. ते तुमचं काम आहे, देवाच्या गळ्यात घालू नका. आणि बदलून झाली की ही पेटीच बाळं जगवते, असं तिला वाटू देऊ नका. बिचारी घाबरून मरेल. मला अजून वारा सुटला की धसका बसतो. मग मी त्या बाईचे शब्द म्हणते. वारा तुझा. मुठली तुझी. आणि शेवटी, जरा लाजत, एक माझा जोडते. मीसुद्धा.