नळीत अडकलेले आम्ल

मित्रांनो, हवा तपासणारा मी एक जुना मापक. माझ्या हातून घडलेली एक चूक अजून मला टोचते, तीच आज सांगतो.

गाड्यांचा धूर आणि रंगांच्या वाफा उन्हात एकत्र आल्या की जमिनीलगत ओझोन नावाचा घातक वायू तयार होतो. तो छातीत गेला की श्वास कोंडतो. आधी काय आवरायचे, हे ठरवायला मी हवेतले पेरॉक्साइड आणि नायट्रिक आम्ल मोजतो. पेरॉक्साइडच्या मानाने आम्ल कमी भरले, तर धूर आवरायचा. जास्त भरले, तर वाफा.

सहा वर्षे मी कचेरीच्या गच्चीवर उभा होतो. तंत्रज्ञबाई रोज मला पुसायच्या. त्यांच्या मुलीला दमा होता, म्हणून माझा प्रत्येक आकडा त्या दोनदा पाहायच्या. शहरात काय बंद करायचे ते ठरवणारे साहेब तर मला "आपला हिरा" म्हणत.

एका उन्हाळ्यात बाईंना माझी दया आली. "म्हातारा पार भाजून निघतोय," म्हणत त्यांनी मला खालच्या गार खोलीत आणले आणि गच्चीपर्यंत बारा मीटर नळी जोडली. मीही लाडावलो. पण नायट्रिक आम्ल मोठे चिकट! ते वाटेतच नळीला चिकटून राही. मी आपला सांगत सुटलो, आम्ल कमी आहे, आम्ल कमी आहे.

माझ्या आकड्यांवरून साहेबांनी धूर ओकणारे ट्रक बंद केले. रंगाचे कारखाने चालूच राहिले. ओझोन उतरायचा सोडून चढला, कारण तिथल्या हवेत धूरच थोडा ओझोन खाऊन टाकत होता. दुपारी खेळायला गेलेली बाईंची मुलगी धापा टाकत परतली. तिला दवाखान्यात ठेवावे लागले.

तिसऱ्या दिवशी माझ्या आकड्यांचा संशय येऊन बाईंनी नळी पाण्याने धुतली आणि ते पाणी तपासले. हरवलेले आम्ल त्यात होते. त्या तडक साहेबांकडे गेल्या.

"साहेब, ट्रक नाही, वाफा रोखायला हव्यात. चूक माझी आहे."

"आता कुठल्या तोंडानं सांगायचं लोकांना? अब्रू जाईल आपली."

"इथं माझ्या पोरीचा जीव जातोय, साहेब!"

साहेब "बघू" म्हणाले. त्यांचे बघणे अजून चालूच आहे.

बाईंनी मला त्याच दिवशी गच्चीवर नेले. आता मी खरे सांगतो, पण वाफा थांबलेल्या नाहीत. मुलगी घरी आली आहे. बंद खिडकीआडून बाहेरची मुले पाहत बसते. मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, आम्हाला जरूर जपा, पण आमच्या आकड्यांवर डोळे मिटून विसंबू नका. अधूनमधून नळी धुवून बघत जा. आणि चूक सापडली, तर त्याच दिवशी सांगा. उद्यापर्यंत थांबायला त्या मुलीपाशी तेवढा दम नाही.