सोळा सिरिल उंच

"इतिहास जमिनीच्या पोटात असतो, आणि त्याला उजेडात आणणारे हात अमर होतात," असं क्लिफर्ड बॅगशॉ म्हणाला आणि त्याच हातांनी त्याने फ्लॅशची बॅटरी उलटी बसवली.

डर्बीशायरमधल्या त्या जुन्या शिशाच्या खाणीत सिरिल हॅलम लाल डगला घालून भिंतीपाशी उभा होता. गेली तीस वर्षं क्लिफर्डच्या प्रत्येक फोटोत तो असाच उभा असे: पाठमोरा, आणि श्वास रोखून, कारण सोडला तर वाफ फोटोत उतरते. फोटोत दालन त्याच्या उंचीच्या किती पट दिसतं ते मोजून दालन केवढं ते कळायचं. हे दालन सोळा सिरिल उंच होतं, म्हणजे त्र्याण्णव फूट. जिल्ह्यात सर्वांत उंच, असं त्यांच्या खाणी-गुहा धुंडाळणाऱ्या क्लबच्या पुस्तकात छापलेलंच होतं.

आता क्लबात नाव घालताना सिरिलने आपली उंची पाच फूट दहा इंच सांगितली होती. खरी जेमतेम पाच फूट सहा इंच. लग्न ठरताना डोरीनलाही त्याने तोच आकडा सांगितला. ती त्याच्याहून दोन इंच उंच, त्यामुळे ती बिचारी स्वतःला सहा फुटी समजते, आणि चर्चमध्ये वरच्या फळीवरचं काही काढायचं असलं की आपण होऊन पुढे होते.

आज शेजारच्या क्लबातली पॉलीन रॅग लेझरचं मोजयंत्र घेऊन आली होती. त्यांचं दालन नव्वद फुटांचं.

"लेझरला इथली दमट हवा मानवत नाही म्हणतात," सिरिल भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला.

"तू श्वास रोख," क्लिफर्ड म्हणाला. "फूटपट्टीने बोलायचं नसतं."

पॉलीनने बटण दाबलं. "अठ्ठ्याऐंशी."

"परत दाब."

"तीनदा दाबलं, क्लिफ. छताला तुझी भीड पडत नाही, मी काय करू?"

क्लिफर्डने मनात अठ्ठ्याऐंशीला सोळाने भागलं. मग डोक्यावरचा दिवा सावकाश सिरिलच्या पाठीवर वळवला.

"सिरिल, साडेपाच फूट?"

सिरिलने श्वास सोडला. भरपूर वाफ निघाली.

"बूट धरून," तो म्हणाला.

"एकेचाळीस दालनं मोजली रे तुझ्यावर. अर्धा जिल्हा फुगवून ठेवलास."

"पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीत दुरुस्तीचा कागद चिकटवावा लागेल," पॉलीन म्हणाली. तिला आवाजातला आनंद लपवता येईना. "कारणासकट. सिरिल हॅलम, पाच फूट सहा इंच. डिंक मी आणते."

तीस वर्षांत पहिल्यांदाच सिरिल कॅमेऱ्याकडे तोंड करून वळला.

"चिकटवा," तो म्हणाला. "फक्त आमच्या घरातली प्रत तेवढी सोडा."