एकटा शिंपीच का सापडतो?

अरे थांब, जाऊ नकोस, आधी ऐक तर आत्ता काय झालं! मी कोण? मी रक्तपेढीच्या कॉम्प्युटरमधली रक्तदात्यांची फाईल बोलतेय. हुशार-बिशार नाही हं मी. एका ओळीत एक माणूस. नाव, फोन, पत्ता आणि शेवटी रक्तगट, मध्ये स्वल्पविराम. एवढाच माझा संसार.

माझा जन्म आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर झाला. त्याची एक खोड आहे. ओळ संपली की तो दोन न दिसणाऱ्या खुणा ठेवतो. एक म्हणते ‘मागे सुरुवातीला ये’, दुसरी म्हणते ‘खाली उतर’. मला वाटायचं, सगळ्या जगाची हीच रीत.

कसली रीत! आज सकाळी काउंटरवर नवा कॉम्प्युटर आला. मला उचलून त्यात टाकलं. त्याची सिस्टिमच वेगळी. त्याला ओळीच्या शेवटी एकच खूण कळते, ‘खाली उतर’वाली. ‘मागे ये’वाली तो चक्क रक्तगटाचाच भाग समजतो. म्हणजे माझ्यातल्या प्रत्येकाच्या गटाला शेपूट फुटलं! सुटली ती फक्त अगदी शेवटची ओळ, कारण ती लिहून झाल्यावर काउंटरवरच्या ताईंनी एंटर मारला नव्हता. ती ओळ एका शिंप्याची.

आणि नेमका तेव्हाच एक माणूस धावत आला, डोक्यावर हेल्मेट तसंच. बायको बाळंत झालेली, रक्तस्राव थांबत नव्हता. गट ओ निगेटिव्ह. पेढीत त्या गटाची एकही पिशवी नाही. ताईंनी शोध घेतला. आलं एकच नाव.

“अहो ताई, मागच्याच महिन्यात दिलंय की मी,” शिंपी फोनवर म्हणाला. “इतक्यात परत घेतील का माझं?”

ताईंनी पुन्हा शोधलं. पुन्हा शिंपी.

मी आतून बोंबलतेय, ‘अहो, आहेत, खूप आहेत!’ पण माझं ऐकतो कोण?

नवा कॉम्प्युटर बसवायला आलेला इंजिनिअर अजून तिथेच वायरी गुंडाळत होता. ताई त्याला म्हणाल्या, “अरे, हे बरोबर शोधतंय ना?”

“प्रोग्रॅम तोच आहे ताई, एक अक्षर बदललेलं नाही. हे बघा, माझ्या लॅपटॉपवर मस्त चालतंय.”

चालणारच ना बाबा! तुझा लॅपटॉप जुन्या कॉम्प्युटरच्याच जातीचा. त्यात माझी नक्कल, तीही चाचणीपुरत्या खोट्या नावांची! पण नाही. त्याने नवा कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून लावली. शोध पुन्हा टाईप केला. माझ्याकडे मात्र ढुंकून बघेल तर शपथ!

“मिळालं का हो?” हेल्मेटवाला सारखा खिडकीत डोकावत होता. ताईंनी हताश होऊन तिसऱ्यांदा शिंप्याला फोन लावला.

“पुन्हा मीच?” तो भडकला. “अहो, माझ्या मेव्हण्याचाही हाच गट! आम्ही दोघं बरोबरच नाव द्यायला आलो होतो. तो सध्या बाहेरगावी आहे, ते सोडा. पण त्याचं नाव तरी दिसायला नको?”

ताई ताडकन उठल्या. “ए इंजिनिअर, ठेव त्या वायरी! मेव्हणा कुठे गेला, सांग!”

मग कुठे त्याची ट्यूब पेटली. प्रत्येकाच्या रक्तगटात किती अक्षरं आहेत, ते त्याने कॉम्प्युटरलाच मोजायला लावलं. ओ आणि वजाची खूण, म्हणजे दोन. मेव्हण्याची निघाली तीन! शिंप्याची दोन.

“आयला, शेवटी काहीतरी चिकटलंय!”

त्याने माझी सगळी शेपटं छाटली. पुन्हा शोध घेतला आणि धडाधड नावं आली. पहिल्याच फोनवर एक टेम्पोवाला म्हणाला, “आलोच, इथे वळणावरच आहे.” हेल्मेटवाल्याने तेव्हा कुठे हेल्मेट काढलं.

दुपारी तोच पुन्हा खिडकीशी आला. बायको आता बरी होती. “ताई, माझंही नाव लिहून घ्या.” किती गोड माणूस! ताईंचेही डोळे भरून आले. नवीन नावं मात्र त्या अजून आतल्या जुन्या कॉम्प्युटरवरच लिहितात. तिथे त्यांनी मला उघडलं, त्याची ओळ लिहिली, या वेळी नीट एंटर मारला, सेव्ह केलं आणि मला परत काउंटरवर पाठवलं.

झालं! सेव्ह करताना त्या जुन्याने खोडीप्रमाणे प्रत्येक ओळीला दोन खुणा ठेवल्या, म्हणजे सगळ्यांना पुन्हा शेपटं. शिंप्यालाही, या भल्या माणसालाही. आता कुणी रक्त मागायला आलं तर एकही नाव येणार नाही.

इंजिनिअर बाकीचं काम आवरून आत्ता कुठे जिन्यात पोचलाय, कुणाला तरी फोनवर सांगतोय, “किरकोळ होतं रे, फाईल साफ केली, संपलं.” प्रोग्रॅमला एक ओळ शिकवली असती, की वाचतानाच शेपूट गाळ, तर काय बिघडलं असतं? मला तर हाकही मारता येत नाही. खरं सांग, त्याच्या जागी तू असतास, तर नावं दिसल्या दिसल्या बॅग उचलली असतीस, की ही शेपटं आली कुठून ते बघायला आतल्या खोलीत गेला असतास?