पैलवान मोरिओचे गुडघे

मोरिओने आपल्या वाडग्यातला भात हळूच शेजाऱ्याच्या वाडग्यात लोटला, आणि त्सुरुयोबाईंनी ते नेमकं पाहिलं. अन्नाशी असली लबाडी या सुमोच्या आखाड्यात आजवर कुणी केली नव्हती. पोरं जेवायला बसली की पातेल्याचा तळ दिसेपर्यंत उठत नसत. आणि हा आओमोरीच्या सफरचंदवाल्याचा लेक नव्या सुनेसारखा चिवडत बसायचा.

बाईंचा नवरा इथला जुना वस्ताद. तो गेल्यावर गादी मुलाकडे, ताकेहिकोकडे आली. जीभ मात्र बाईंकडेच राहिली. जेवणं होईस्तोवर त्यांनी मोरिओची सालटी काढली. अंग डोंगराचं आणि भूक चिमणीची. याला तर बाजारातली भाजीवालीसुद्धा रिंगणाबाहेर ढकलेल. पोरं माना खाली घालून हसली. ताकेहिकोने वाडगं पुन्हा भरायला लावलं. उन्हाळी स्पर्धेआधी वजन चढलंच पाहिजे, असं बजावलं. मोरिओने मुकाट्याने गिळलं.

दुपारी सगळे माडीवर झोपायला गेले. पातेलं उचलायला आलेल्या बाईंना मोरिओ जिन्यावर दिसला. पायऱ्यांकडे पाठ करून तो बसल्या बसल्या वर सरकत होता, आणि एकेक पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेत होता. गुडघे भोपळ्यासारखे सुजलेले.

बाईंनी दरडावून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, अंगावर चढलेला एक किलो गुडघ्यांवर चार किलोंनी बसतो, आतली गादी झिजून हाडाला हाड लागलंय. त्याने सुट्टी मागितली, तर वस्ताद म्हणाले, पट्ट्या बांध आणि लढ. आणि पळून घरी जावं, तर लेक आखाड्यात गेला म्हणून बापाने गावभर पेढे वाटावेत तशी सफरचंदं वाटली होती.

बाईंनी तोंड वेडावलं. त्यांचा नवरा पाय आपटायचा तेव्हा जमीन हादरायची. पुढे तोच नवरा बायकोच्या खांद्याला लोंबकळत संडासापर्यंत जायचा. त्या खांद्यावर पदर सावरावा तसा हात फिरवून त्या निघून गेल्या.

संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी मोरिओच्या पुढ्यातलं वाडगं ओढून घेतलं.

"आई, माझा पैलवान आहे तो," ताकेहिको म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुझ्यासारखं दळभद्री माणूस या आखाड्याला शोभत नाही," त्या मोरिओला म्हणाल्या. "म्हातारीने हाकललं म्हणून सांग बापाला. घालू दे मला शिव्या. उद्या सकाळी आपल्या पायांनी चालता हो, अजून चालता येतंय तोवर."